बाथचं तळघर आणि घोड्याची लीद

इंग्लंडमधल्या बाथला लोक जातात ते रोमन स्नानगृहं बघायला. आम्हीही गेलो. रांग, धक्काबुक्की आणि एवढं करून त्या हिरव्या पाण्याला हात लावायचा नाही. मी वैतागले, मंडळींना तिथेच सोडलं आणि न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर गाठलं.

याच घराच्या परसातून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १३ मार्च १७८१ रोजी युरेनस दिसला. पण मी गेले होते त्याच्या बहिणीसाठी. लहानपणी टायफसने कॅरोलिनची उंची सव्वाचार फुटांवरच खुंटली. हिचं लग्न काही जमायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं आणि जर्मनीत, हॅनोव्हरला आईने तिला घरकामाला जुंपलं. १७७२ मध्ये भावाने तिला इथे आणलं ते गाण्यासाठी. गायलीही छान. मग भावाला दुर्बिणींचं वेड लागलं.

तळघरात स्वयंपाकघर आणि त्याला लागूनच दुर्बिणींचे आरसे बनवायचा कारखाना. तिथली फरशी अजून तडकलेली आहे. आरसा ओतायचा साचा घोड्याच्या लिदीचा. ती लीद खलात कुटून चाळायचं काम कॅरोलिनकडे. १७८१ मध्ये मोठा आरसा ओतताना तापलेला धातू जमिनीवर सांडला, फरशीचे तुकडे छतापर्यंत उडाले आणि सगळे जीव घेऊन पळाले. ती फरशी बघत मी बराच वेळ उभी होते, मागच्यांना वाट द्यायचंही सुचलं नाही. भाऊ आरसा घासायला बसला आणि एकदा तर सोळा तास हात काढला नाही म्हणे. ही घास भरवत होती! आपल्याकडे असे भाऊ कमी नाहीत, पण त्यांच्या बहिणी धूमकेतू शोधत नाहीत.

हिने आठ शोधले. पहिला १ ऑगस्ट १७८६ला, लंडनजवळच्या स्लाउमध्ये, भाऊ जर्मनीला गेलेला असताना. पुढच्याच वर्षी राजाने तिला सालाना ५० पौंड लावून दिले. स्वतःच्या मर्जीने खर्च करावेत असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे, असं तिनेच लिहून ठेवलंय. भावाला २०० मिळत होते, ते सोडा.

१७८८ मध्ये भावाने लग्न केलं. घराचा कारभार वहिनीकडे गेला, ही भाड्याच्या खोलीत. त्यानंतरच्या दहा वर्षांची रोजनिशी तिने पुढे स्वतःच नष्ट केली. काय काय लिहिलं असेल, याचा अंदाज कुठल्याही नणंदेला येईल. आठांपैकी सात धूमकेतू त्याच दहा वर्षांतले.