तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट सोडून रिसर्च कशाला?

इतकी वर्षं फिजिओथेरपी केली आणि आता पेशंट सोडून रिसर्च कशाला, त्यात करिअर तरी आहे का, हे शिकणारी मुलं विचारतातच, पण त्यांचे आईवडीलही विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

सुरुवात एका पेशंटच्या साध्या प्रश्नाने झाली. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात उचलत नव्हता, मी व्यायाम दाखवला, दहा-दहाचे तीन सेट करा म्हटलं, तर ते म्हणाले, दहाच का? वीस केले तर लवकर बरा होईन का? मी काहीतरी उत्तर दिलं पण खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं, मला तसं शिकवलं होतं एवढंच. गोळी किती मिलिग्रॅमची द्यायची हे कोणी अंदाजाने ठरवत नाही, मग व्यायामाचा डोस आपण अंदाजाने का सांगतो, हे काही डोक्यातून जाईना.

मग वाचायला लागले. 2009 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी स्ट्रोकच्या पेशंटची 312 सेशन्स शेजारी बसून नुसती मोजली होती. रोजच्या वापरातली हाताची हालचाल, म्हणजे वस्तू पकडणं, उचलणं वगैरे, ज्या सेशनमध्ये करून घेतली त्यात ती सरासरी फक्त 32 वेळा झाली होती, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला हीच संख्या शेकड्यांत लागते! फक्त मोजल्यामुळे एवढं कळलं.

पण म्हणून जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. अ‍ॅव्हर्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये 2104 पेशंट होते, त्यातल्या एका गटाला स्ट्रोकनंतर 24 तासांच्या आत उठवायला सुरुवात करून नेहमीपेक्षा जास्त व्यायाम दिला. 2015 मध्ये निकाल आला तेव्हा तीन महिन्यांनी चांगली रिकव्हरी या गटात 46 टक्के आणि नेहमीची ट्रीटमेंट मिळालेल्या गटात 50 टक्के निघाली. हे वाचून मी खूप वेळ गप्प बसले, कारण मीही मनापासून तेच केलं असतं. पुढे त्याच डेटावरून दिसलं की सुरुवातीच्या दिवसांत थोडा थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं बरं. म्हणजे "किती" इतकंच "कसं वाटून" हेही महत्त्वाचं, आणि हे नुसत्या अनुभवातून कधीच कळलं नसतं.

करिअरचं म्हणाल तर आहे, पण ग्रँट, म्हणजे रिसर्चसाठी मिळणारा निधी, दोन-तीन वर्षांची असते, ती संपत आली की पुढची शोधायची, ही धास्ती कायम असते, ते लपवणार नाही. कामं मात्र पुष्कळ प्रकारची. कोणाला कोणती ट्रीटमेंट मिळाली हे माहीत नसताना पेशंट तपासणारा असेसर लागतो, डेटा सांभाळणारा लागतो, स्टॅटिस्टिक्सवाला तर पहिल्या दिवसापासून लागतो, शिवाय ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) आणि स्पीच थेरपीवाले, कृत्रिम हातपाय बनवणारे इंजिनिअर. माझं मत विचाराल तर आधी किमान दोन वर्षं पेशंट बघा, नाहीतर प्रश्नच चुकीचे पडतात.

आणि सुरुवात करायला पीएचडीची वाट बघू नका. उद्याच्या सेशनला पेशंटचा हात नेमका किती वेळा हलतो ते मोजा, महिनाभर लिहून ठेवा, मग तो कागद घेऊन माझ्याकडे या, आपण बसू.