कंदिलात एलईडी जोडताना

पतंगाच्या कागदाच्या कंदिलात घरच्या विजेवरचा बल्ब सोडायला मला भीती वाटते. म्हणून यंदा बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे एलईडी लावायचे ठरवले. तयार माळ सहज मिळाली असती, पण सातवीतल्या लेकीने स्वतःच्या हातांनी जोडावं, असं मनापासून वाटत होतं.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात या सामानाची दुकानं आहेत. तिथून ५ मिलिमीटरचे पांढरे नि लाल एलईडी घेतले. करंट आटोक्यात ठेवणारे रेझिस्टन्स किती ओहमचे घ्यायचे, याचा हिशोब निघण्यापूर्वीच वहीत केला होता.

एलईडीला मिळेल तेवढा करंट तो ओढत जातो आणि जळतो. २० मिलिअँपिअर ही त्याची नेहमीची कमाल मर्यादा. मी १५ धरले, कारण डोळ्यांना उजेडात फारसा फरक कळत नाही आणि एलईडी जास्त टिकतो. पांढऱ्याला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, लालला २. पांढरा एलईडी आतून निळाच असतो, वर फॉस्फरचा पिवळसर थर. निळ्या प्रकाशाला लालपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून व्होल्टही जास्त.

तीन पांढरे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की ९.६ व्होल्ट तिथे संपतात. उरलेल्या २.४ ला ०.०१५ ने भागलं की १६० ओहम. रेझिस्टन्सच्या नेहमीच्या ठरलेल्या आकड्यांत १५० नंतर थेट १८० मिळतो, तो घेतला. ओळखायला त्यावर तपकिरी, करडा, तपकिरी असे पट्टे. त्यात जेमतेम ०.०३ वॅट उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा पुष्कळ झाला.

"बाबा, चार लावले तर?" लेकीने विचारलं. बेरीज १२.८ होते, अडॅप्टरच्याही पुढे. तिनेच ती केली आणि तीनवर थांबली.

लाल झिरमिळ्यांसाठी एका ओळीत पाच बसले असते. पण मग रेझिस्टन्सच्या वाट्याला दोनच व्होल्ट उरतात आणि अडॅप्टर अर्धा व्होल्ट वर गेला तर करंट पाव पटीने वाढतो. चारच लावले की उरतात चार व्होल्ट, आणि तेवढ्याच फरकाने करंट साधारण आठव्या हिश्शानेच वाढतो. म्हणून चार एलईडी आणि २७० ओहम.

प्रत्येक ओळीला स्वतंत्र रेझिस्टन्स दिला. सगळ्या ओळी पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडून एकाच रेझिस्टन्सवर भागवता येईल असं वाटतं, पण एकाच पाकिटातले एलईडीही तंतोतंत सारखे नसतात. ज्या ओळीला कमी व्होल्ट लागतात ती जास्त करंट खाते. दोन-चार रुपये वाचवण्यासाठी हे करू नये.

लांब पाय पॉझिटिव्ह. पाय कापल्यावर बुडाची चपटी कड बघायची, ती निगेटिव्ह बाजू. लेकीने प्रत्येक एलईडी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर लावून बघितला, मंदसा पेटला की चांगला म्हणून बाजूला ठेवला. डाग मी दिले, हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, तिने चढवली. पहिल्या ओळीत मीटर लावला तेव्हा १३ मिलिअँपिअरच्या थोडं वर आकडा स्थिरावला. सहा पांढऱ्या आणि दोन लाल ओळी मिळून सव्वाशे मिलिअँपिअरच्याही आत. अडॅप्टर एक अँपिअरचा आहे, रात्रभर चालवला तरी त्याला त्रास नाही.