एका ब्रॅकेटची मंजुरी : माझा अनुभव

सहा आठवडे गेले, आणि तेही तळहातावर मावेल अशा एका ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटपायी. प्रकरण मिटून दोन महिने झाले, तरी त्या फाइलचं नाव दिसलं की माझं डोकं अजून तापतं.

मी युरोपात एका हायपरकार टीममध्ये काम करतो. हायपरकार म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतींतला सगळ्यात वरचा वर्ग. आमची गाडी एलएमडीएच, म्हणजे सांगाडा आणि हायब्रिड भाग ठरलेल्या पुरवठादारांकडून घेऊन बांधलेली. एकदा होमोलोगेशन, म्हणजे गाडीच्या रचनेला अधिकृत मंजुरी, झालं की गाडी आहे तशी ठेवायची. वेग वाढवणाऱ्या बदलांसाठी मोजकेच ‘जोकर’, म्हणजे बदलाच्या संधी, मिळतात. एखादा भाग टिकत नसेल तर तो जोकर न खर्चता बदलता येतो, पण त्यातून वेगाचा फायदा होत नाही हे कागदोपत्री दाखवावं लागतं.

आमचा मागचा फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, धरून ठेवणारा ब्रॅकेट तडकत होता. बोल्टच्या भोकापासून वाकणापर्यंत केसाएवढी रेघ. डोळ्यांना दिसायची नाही, नख फिरवलं की लागायची. नवं डिझाइन, आकडेमोड, फोटो, सगळं चार दिवसांत झालं.

मग अर्जाला लागणाऱ्या प्रयोगशाळेच्या वजनाच्या दाखल्यावर काम अडलं. पहिल्या दाखल्यावर वजन नव्या ब्रॅकेटचं, १२४ ग्रॅम, पण ड्रॉइंग नंबर जुन्याचा. एक अंक बदलायचा होता. तिथलं उत्तर : नवा अर्ज करा, नवा नमुना पाठवा, रांगेत थांबा. तीन आठवडे! दुसरा दाखला आला तर वजन १५१ ग्रॅम, कारण या वेळी बुश आणि बोल्टसकट तोललं होतं. मी फोन केला, मेल केले, शेवटी साडेतीन तास गाडी चालवत स्वतः गेलो. काट्यासमोर उभा राहून तोलून घेतलं, तेव्हा कुठे तिसरा दाखला बरोबर निघाला. तोवर आमचे मेकॅनिक प्रत्येक सत्रानंतर गाडीखाली आडवे होऊन ब्रॅकेट बदलत होते, कधी रात्री एक वाजता. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून सांगतो, भाग बाहेर पाठवण्याआधी स्वतः तोला आणि काट्यावरचा आकडा व ड्रॉइंग नंबर एकाच फोटोत घ्या.

घरी फोनवर हे बोललो तर बाबा म्हणाले, “अरे, एवढ्याशा पत्र्याला एवढे कागद?” त्यांचं आयुष्य कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं. त्यांना सांगितलं, बाबा, नियम बरोबर आहे. एलएमपी१च्या, म्हणजे हायपरकारच्या आधीच्या वरच्या वर्गाच्या, काळात पैशाला धरबंध नव्हता. २०१६ अखेर आउडी गेली, २०१७ अखेर पोर्श. २०२०च्या ल माँला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीला, वरच्या वर्गात फक्त ५ गाड्या उरल्या. मग एलएमडीएचमध्ये सांगाडा चार ठरलेल्या कंपन्यांपैकी एकीकडून, हायब्रिड मोटर, बॅटरी आणि गिअरबॉक्स सगळ्यांना सारखे, आणि इंजिन सोडून गाडी दहा लाख युरोच्या आसपास बसवायचं लक्ष्य. २०२४च्या ल माँला वरच्या वर्गात २३ गाड्या धावल्या. ब्रॅकेट मोकळा सोडला तर उद्या प्रत्येक जण टिकाऊपणाच्या नावाखाली फ्लोअरच नवा आणेल. बाबा म्हणाले, “मग बरोबर आहे.”

एक राहिलंच. नवा भाग जुन्यापेक्षा हलका असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. आमचा १८ ग्रॅमने हलका होता, कारण वाकणाशी जाडी वाढवून दुसऱ्या टोकाचा नको तो धातू काढला होता. गाडीचं किमान वजन १०३० किलो, त्यामुळे ते १८ ग्रॅम बॅलास्टमध्ये, म्हणजे वजन भरायला गाडीत ठेवलेल्या भारात, परत जाणार, हेही मी लिहिलं. त्यावर एकही प्रश्न आला नाही. पूर्ण कागद पोचल्यावर मंजुरी मिळाली.

पुढची शर्यत सहा तासांची होती. संपल्यावर मी स्वतः गाडीखाली गेलो, ब्रॅकेट काढला, पुसला आणि वाकणावरून नख फिरवलं. दोनदा फिरवलं. कुठेच अडकलं नाही.