आमची वाटचाल: कागद जाळीला चिकटला पाहिजे

नागपुरात पंख्याच्या धंद्यात कोणी उपाशी मरत नाही, असं बाबा म्हणायचे. कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं, कूलरच्या मोटरी भरून द्यायचं. होळी आटोपली की लोक अडगळीतून कूलर बाहेर काढत, पत्रा घासून रंग मारत, वाळ्याच्या नव्या ताट्या लावत, आणि बटण दाबल्यावर कळे की मोटर जाम आहे. मग ती मोटर पिशवीत घालून आमच्याकडे. मार्च ते जून रात्री बारापर्यंत वाइंडिंग, म्हणजे मोटरीत नवी तार गुंडाळून भरायचं काम, चाले. मृगाची पहिली सर आली की दुसऱ्या दिवसापासून माश्या मारायच्या.

त्या रिकाम्या महिन्यांसाठी बाबांनी गाड्यांचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि डायनमो दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. तिथून इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा पंखा फार लांब नव्हता.

ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू तर पंखा चालू, मध्ये वायर नाही की फ्यूज नाही. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं. रेडिएटर समोर आणि पट्ट्याची बाजू फेंडरकडे, म्हणजे पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येणारच नाही. म्हणून बारा व्होल्टची मोटर आणि पाणी तापलं की ती चालू करणारा स्विच. शहरात मारुत्या वाढल्या तशी आमच्या टेबलावर कूलरच्या मोटरींशेजारी ही छोटी काळी मोटर दिसू लागली.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून मी दुकानात बसलो तेव्हा या मोटरी आम्ही खोलून दुरुस्त करत असू. बहुतेक वेळा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजलेले असत. ओळखायची खूण सोपी: पंखा फिरत नाही, पण मोटरच्या पाठीवर पान्याच्या मुठीने टकटक केलं की फिरतो. असा पंखा ठोकून चालू करून गाडी परत पाठवणारे पुष्कळ आहेत. चार दिवसांनी ती गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभी असते.

आम्हीही साधू नव्हतो. रेडिएटरमधला थर्मोस्विच गेला की लोक म्हणत, "डायरेक्ट करून द्या ना भाऊ." म्हणजे पंख्याची वायर थेट चावीच्या स्विचवर जोडायची. चावी फिरवली की पंखा सुरू, गाडी बंद होईपर्यंत सुरू. स्वस्तात काम होई आणि गिऱ्हाईक खूश. मी अशा किती गाड्या डायरेक्ट केल्या त्याचा हिशेब नाही. दहा-पंधरा ॲम्पिअर ओढणारी मोटर रिलेशिवाय (रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चावीवर टाकली की आधी चावीचा स्विच तापतो, मग वायर, आणि दिवसभर फिरून कार्बन निम्म्या आयुष्यात संपतात. हे मला माहीत होतं. तरी करत होतो.

मग २०१३ चा मे आला. त्या महिन्याच्या २३ तारखेला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्याच आठवड्यात मनीषनगरचे एक काका गाडी घेऊन आले. पंखा बंद होता. मोटर काढली, बॅटरीवर लावून पाहिली, जळालेली निघाली. नवीन बसवली, जोरात फिरली, तासाभरात गाडी दिली. संध्याकाळी फोन: "गाडी तापून राहिली. फाटकावर उभा आहो."

मनीषनगरचं रेल्वे फाटक तेव्हा कसं होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. एकदा पडलं की वीस मिनिटं. काकांनी एसी चालू ठेवला, काटा लाल रेषेला गेला तरी फाटक उघडेल म्हणून इंजिन बंद केलं नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडालं. गाडी ओढून आणल्यावर पाहिलं तर आमची नवी मोटर ठणठणीत. पंख्याचा कनेक्टर मात्र वितळून एकजीव झाला होता, आतली एक पिन काळी पडलेली. ती आधीपासूनच सैल आणि जळकी असणार. पंख्याला पूर्ण वीज मिळत नव्हती, पिन तापत होती. जुनी मोटर त्यानेच गेली आणि नवीही त्याच वाटेवर होती.

बाबा एवढंच म्हणाले, "मोटर बदलली बाप्पा, पण ते जळली काऊन, हे पाह्यलं का तू?"

हेडचं फेसिंग, गॅस्केट, कूलंट, सगळं आम्ही आमच्या खर्चाने करून दिलं. त्या सीझनची कमाई त्यात गेली. डायरेक्ट करणं त्या दिवसापासून बंद. गिऱ्हाईक रागावलं तरी बंद.

आता गाडी आली की पहिला प्रश्न: तापते कुठे? सिताबर्डीच्या सिग्नलला तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड ठेवते, तिथे पंख्याला फारसं काम नसतं. उलट मोकळ्या रस्त्यावर तापत असेल तर रेडिएटर चोक आहे का, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) अडकला का, वॉटर पंप गेला का, ते बघायचं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून "पंखा बदलून द्या" म्हणत येणारे बरेच जण या दुसऱ्या जातीचे असतात. त्यांना आम्ही पंखा विकत नाही, शेजारच्या रेडिएटरवाल्याकडे पाठवतो. बोअरचं पाणी टाकून टाकून आत खार साचलेला असतो.

पंखा बदलायचाच असेल तर इंजिन थंड होऊ द्यायचं आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो आणि बोटं त्यात असतात. मग रेडिएटर आणि श्राउड (पंख्याभोवतीची चौकट) यांच्या मध्ये पुठ्ठा सरकवायचा, नाहीतर वर ओढताना पात्याने जाळी फाटते. काही मोटरींचा पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो. नवीन पोट्टे तो जोर लावून आवळत बसतात आणि शाफ्ट पिळवटतो.

नव्या गाड्यांत सेन्सर पाण्याचं तापमान कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर रिले ओढतो. सेन्सर खोटं बोलला की सगळंच खोटं. आणि सेन्सर खोटं बोलतात. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, मग सेन्सर बिघडला होता असा खुलासा आला. आमच्या दुकानात त्या दिवशी सगळे हसत होते, आम्हाला रोज तेच दिसतं. सेन्सरचा कनेक्टर काढला की पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर घाबरून पंखा चालू करतो. तसा झाला तर मोटर, रिले, वायर सगळं ठीक. मग सेन्सरकडे वळायचं.

पावतीवर दोन आकडे लिहायची कल्पना बायकोची. हिशेब तीच पाहते. पंखा चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट आणि पंख्याच्या कनेक्टरवर किती. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर गाडी बाहेर जात नाही, आधी पिन, अर्थिंग आणि रिलेचा तळ साफ होतो. काही गिऱ्हाईकं ते आकडे वाचतही नाहीत. काही मात्र पुढच्या वर्षी जुनी पावती घेऊन येतात.

तरीही मागच्या उन्हाळ्यात एक गाडी परत आली. आकडे बरोबर, पंखा जोरात, आवाज चांगला, तरी सिग्नलला तापते. मी अर्धा तास मीटर घेऊन वाकलेलो. बाबा आता काम करत नाहीत, दाराशी स्टुलावर बसतात. ते उठले, काउंटरवरची पावती घेतली आणि एसी चालू असताना बंपरच्या जाळीसमोर धरली. कागद बाहेर उडाला. पोट्ट्याने नवा कनेक्टर लावताना वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरून हवा आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलत होता. बाबांनी भरलेल्या कूलरच्या मोटरी अशाच कधी उलट्या फिरायच्या, घरात गार वारं येण्याऐवजी ताटीतून बाहेर जायचं.

वायरी बदलल्या. कागद जाळीला चिकटून बसला.

आता पावती फाडली की बाबा ती आधी जाळीला लावून पाहतात, मग गिऱ्हाइकाच्या हातात देतात.