दह्याचे डिप आणि पाण्याचा हिशेब

भाज्यांच्या कापांबरोबर खाण्यासाठी मी दह्याचे डिप पहिल्यांदा केले, तेव्हा ताज्या दह्यात किसलेली काकडी, लसूण आणि मीठ कालवून वाडगा सरळ टेबलावर नेऊन ठेवला होता. पाहुणे येऊन बसेपर्यंत कडेने पाणी सुटले आणि गाजराचा काप बुडवून वर काढला की डिप त्याला चिकटण्याऐवजी ओघळून पुन्हा वाडग्यात पडू लागले. चव वाईट नव्हती, पण तो प्रकार बुडवून खाण्याचा राहिला नव्हता. त्यानंतर अनेकदा करून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, या पदार्थात मसाल्यापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

दह्यात 85 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणून अर्धा किलो दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेले देऊन चार ते सहा तास निथळू द्यावे. साधारण निम्मा, म्हणजे पाव किलोच्या आसपास चक्का हाती येतो. हे सगळे फ्रीजमध्येच करावे, कारण बाहेरच्या उष्णतेत दही निथळता निथळता आंबत जाते आणि मग वरून लिंबू पिळण्याची सोय उरत नाही. खाली जमलेली निवळी फेकू नये, पीठ मळायला ती उत्तम.

चक्का मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह मात्र टाळावा. दही घट्ट दिसते ते त्यातील प्रथिनांच्या जाळीमुळे, आणि पात्याच्या वेगाने ती जाळी तुटली की चार तासांची मेहनत दोन मिनिटांत पातळ होते. चमच्याने किंवा हाताच्या रवीने हलकेच एकजीव केलेला चक्का पुरेसा मऊ होतो.

काकडीत तर सुमारे 95 टक्के पाणी असते. ती किसून, पाव चमचा मीठ लावून पंधरा मिनिटे बाजूला ठेवली की कीस मलूल होतो. मग तो मुठीत घेऊन घट्ट पिळावा. एका मध्यम काकडीतून पाव वाटीहून अधिक पाणी निघते आणि मुठीत राहतो तो लिंबाएवढा हिरवा गोळा. तो पाहून आपण काकडी वाया घालवली असे वाटते खरे, पण चव त्या गोळ्यातच असते. काकडीला आधीच मीठ लागलेले असल्यामुळे चक्क्यात मीठ घालताना हात आखडता घ्यावा.

लसणीची एकच पाकळी ठेचून घालावी. कच्च्या लसणीचा उग्रपणा ती ठेचल्यावरच निर्माण होतो आणि डिप तासभर मुरले की तो सर्वत्र पसरतो, त्यामुळे कालवताना कमी वाटलेली लसूण खाताना बरोबर लागते. बाकी मिरपूड, बारीक चिरलेला पुदिना किंवा शेपू आणि चमचाभर ऑलिव्ह तेल. तेल पाहून कोणी दचकू नये. 100 ग्रॅम मेयोनेजमध्ये साधारण 700 कॅलरी असतात, तर साय न काढलेल्या दुधाच्या दह्याच्या तेवढ्याच चक्क्यात 100 च्या आसपास. एका चमच्याने हा फरक बुजत नाही. उलट पूर्ण स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या दह्याचे डिप मला जिभेवर खडूसारखे कोरडे लागते.

गाजर, ढोबळी मिरची आणि मुळ्याचे बोटभर लांबीचे काप बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले की कुरकुरीत होतात, मात्र वाढण्यापूर्वी ते कापडावर कोरडे पुसावेत, नाहीतर निथळून घालवलेले पाणी कापांबरोबर पुन्हा वाडग्यात येते. उरलेले डिप फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी वर थोडी निवळी तरंगताना दिसली, तर ती अलगद ओतून द्यावी आणि मगच ढवळावे.