आतून कडी

बाहुलीचं घर म्हटलं की इंग्लंडातल्या विंडसरच्या राजवाड्यातल्या त्या घराचं नाव निघतं. नवी दिल्ली आखणाऱ्या ल्यूटन्सनेच ते राणी मेरीसाठी रेखलं. 1924 साली पुरं झालं. फुटाला एक इंच असं माप, नळाला पाणी, खोल्यांत विजेचे दिवे, चालणारी लिफ्ट. आमच्याकडचं बाहुलीचं घर गिरगावातल्या चाळीत झालं. त्याला लिफ्ट सोडाच, भिंतीही नाहीत. नुसतं सामान. मांडलं की घर, बिस्किटांच्या डब्यात भरलं की आवरलं.

सुरुवात पणजोबांची. ते गोदीत कामाला. चहाच्या फुटक्या खोक्यांचं प्लायवूड आणून त्यांनी आजीसाठी पाट, पाळणा आणि मांडणी केली. मांडणी वीतभरही नाही, पण ताटं उभी राहावीत म्हणून वरच्या फळीला पुढे पट्टी आहे. खिळ्यांच्या जागी कापलेल्या टाचण्या. त्या मागून अजून बोचतात. भांडी तेवढी विकतची, सावंतवाडीची, लाखेच्या रंगांची. मापाचं म्हणाल तर बंब पाळण्याहून मोठा. राणीकडे हे खपलं नसतं. आमच्या ठकीची काही तक्रार नाही.

आईच्या वाट्याला डबा आला तेव्हा तिने काडेपेट्या चिकटवून खणांचं कपाट केलं, ओढायला शर्टाची बटणं लावली. पण तिची खरी करामत म्हणजे न्हाणीघर. चपलांच्या खोक्याचं, दार असलेलं, आणि दाराला केसांच्या पिनेची कडी. तीही आतून! चाळीत मोरी खोलीच्याच कोपऱ्यात, अंघोळीला बसायचं तर बाकीच्यांना बाहेर काढायचं, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. आजीच्या सामानात घरात होतं तेच आलं होतं. आईने घरात नव्हतं ते केलं. मी एक खोडरबराचा टीव्ही वाढवला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता डबा भाचीकडे, बोरिवलीला. तिच्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत, त्यामुळे कडीचं तिला कौतुक नाही. बाल्कनी मात्र हॉलमध्ये घेतलेली. म्हणून ठकीला गॅलरी हवी, कठड्याची, वाळत घालायच्या दोरीसकट. त्या कठड्यासाठी आईस्क्रीमच्या काड्या लागतात. सध्या जेवण झालं की सगळ्यांना सक्तीने कुल्फी खावी लागते, आणि मधुमेहवाले मामासुद्धा ‘पोरीचं काम अडायला नको’ म्हणून बसतात.