वीज कंपनीतून थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत

आज दुपारभर लाईट नव्हती, मोबाईलची बॅटरी जपत जपत वेंडेल विल्कीबद्दल वाचत बसलो आणि खरंच भारावलो. मूळचा वकील, १९३३ मध्ये कॉमनवेल्थ अँड सदर्न या अमेरिकेतल्या बड्या वीज कंपनीचा प्रेसिडेंट झाला, त्याच वर्षी सरकारने टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही स्वतःची वीज बनवणारी संस्था काढली आणि हा पठ्ठ्या सरकारी विजेविरुद्ध वर्षानुवर्षं भांडला, शेवटी १९३९ ला टेनेसीतला धंदा विकावाच लागला, पण चांगले पावणेआठ कोटी डॉलरच्या वर वसूल करून. पुढच्याच वर्षी, आधी कधी कुठल्या सरकारी पदावर न बसलेला हा माणूस निवडणुकीत थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसमोर उभा! हरला. पण नंतर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला मदत द्यायच्या वेळी त्याच रूझवेल्टच्या पाठीशी राहिला, हे मला सगळ्यात जास्त भिडलं. पंखा सुरू झाला तरी मी वाचतच होतो.